पुरानंतरचं पोट

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. घरं, दुकानं, गाड्या, कागदपत्रं, सगळ्याचे पंचनामे झाले. मला जे लिहायचं आहे ते पंचनाम्यात बसण्यासारखं नव्हतं. पुराच्या घाण पाण्यातून मला पोटाचा संसर्ग झाला. औषधांनी तो बराही झाला, पण पोट काही पूर्वपदावर आलं नाही. पुढचा बराच काळ तपासण्या, पथ्यं आणि उपचार यांत गेला. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकून गप्प बसलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांचं पोट खरंच दुखतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे पचनसंस्था एका धड्यात, चेतासंस्था दुसऱ्या धड्यात आणि रोगप्रतिकारशक्ती तिसऱ्याच ठिकाणी असते. आतड्याच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या भिंतीत हे तिन्ही धडे एकमेकांना चिकटून राहतात. हे मला माझ्या दुखण्यातून जितकं समजलं, तितकं इतकी वर्षं शिकवून समजलं नव्हतं.

आमचं घर बाजारपेठेच्या बाजूला, तळमजल्यावर. त्या रात्री पाऊस असा कोसळत होता की पत्र्यावरच्या आवाजात शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. पहाटेपर्यंत वाशिष्ठी आणि शिव नदी दोन्ही पात्राबाहेर आल्या. त्यात दाभोळच्या खाडीला भरती, त्यामुळे पाण्याला जायला वाट नाही. २००५ चा पूर पाहिलेली माणसंसुद्धा म्हणत होती, एवढं पाणी तेव्हा नव्हतं. सासूबाईंना धरून आम्ही वरच्या बिऱ्हाडात गेलो आणि पाणी जिन्याच्या एकेक पायरीवर चढताना बघत बसलो. पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखल उरला. प्यायच्या पाण्याची बोंब होती, सिलिंडर भिजलेला, उकळणार कशावर? मिळेल ते प्यायलो. त्याच आठवड्यात मला ताप, मुरडा आणि जुलाब सुरू झाले. सलाइन लागलं, अँटिबायोटिक झालं, ताप उतरला. अंगात त्राण नव्हतं, पण सगळ्यांचीच ती गत होती, म्हणून मीही घर धुवायला लागले.

दिवाळी आली तरी पोट सुधारलं नाही. सकाळी पुन्हा पुन्हा जावं लागायचं. खाल्लं की कळ, गेलं की थोडं बरं, आणि मग दिवसभर पोट फुगून राहायचं. माहेर गुहागरला. चिपळूण-गुहागर एसटीचा प्रवास म्हणजे काही लांबचा नव्हे, पण तोही मी टाळू लागले. वाटेत कुठे थांबता येईल, कुठल्या ठिकाणचं स्वच्छतागृह उघडं असतं, हे आधी डोक्यात आणल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नसे. वर्गात तास चालू असताना कळ आली की फळ्याकडे वळून दात आवळून उभी राहायचे.

पुढच्या जूनमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली. रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की पोटात पिळवटायचं. मोबाइलवर रेड अलर्टचा मेसेज आला, कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली, की पुढच्या काही मिनिटांत मला जावं लागायचं. काही खाल्लेलं नसे, वावगं प्यायलेलं नसे. नुसता आवाज पुरायचा.

इथल्या डॉक्टरांनी प्राथमिक तपासण्या केल्या. रक्त, थायरॉइड, शौचाची तपासणी, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजाराची रक्ततपासणी, सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. एका ठिकाणी मला सांगण्यात आलं, ‘काही नाहीये, मनावर घेऊ नका.’ घरी नातेवाईक यायचे तेही तेच म्हणायचे: ‘फार टेन्शन घेतेस.’ यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. पण या वाक्यामुळे माणूस एकटा पडतो. दुखतंय ते खरं की आपल्या मनाचा खेळ, असा संशय स्वतःचाच यायला लागतो, आणि त्या संशयाने पोट आणखी दुखतं.

शेवटी नणंदेच्या आग्रहावरून कुंभार्ली घाट चढून कराडला पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, ‘मॅडम, हे नेमकं कधीपासून? त्याच्या आधी काय झालं होतं?’ मी पुराचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग प्रश्न विचारत गेले. शौचातून रक्त जातं का? वजन उतरलंय का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार आहे का? हिमोग्लोबिन कमी झालंय का? यातलं काहीही ‘हो’ असेल तर वाट वेगळी, असं त्यांनी स्पष्ट केलं. हे प्रश्न मी इथे मुद्दाम लिहिते आहे. ज्याच्या बाबतीत यातलं एक जरी उत्तर ‘हो’ असेल, त्याने हा लेख बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.

माझी सगळी उत्तरं ‘नाही’ होती. तरी त्यांनी कॅल्प्रोटेक्टिन नावाची तपासणी सांगितली. शौचाचा नमुना द्यायचा असतो. आतड्याला खरोखरची सूज असेल तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात, आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर सूज असण्याची शक्यता फार कमी. माझं त्याच्या आतच आलं. पण जुलाब लांबलेले आणि वय पंचेचाळिशी ओलांडलेलं, म्हणून एकदा दुर्बिणीने मोठं आतडं बघून घेऊ, असं ठरलं.

कोलोनोस्कोपीची लोकांना भीती वाटते. खरं सांगायचं तर तपासणी सोपी, आदला दिवस अवघड. आम्ही नणंदेकडे उतरलो होतो. हातात एक छापील कागद दिलेला: बिया, साली, पालेभाजी, दूध बंद. संध्याकाळपासून फक्त आरपार दिसेल असं पातळ. पेजेची वरची निवळ, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, शहाळ्याचं पाणी. सासूबाईंनी येताना बाटली भरून कोकम सरबत दिलेलं, पोटाला थंड म्हणून. कागदावर ठळक अक्षरांत होतं, लाल किंवा जांभळ्या रंगाचं काहीही नको. तो रंग आतड्याच्या अस्तराला लागून राहिला तर पडद्यावर रक्तासारखा दिसू शकतो. बाटली नणंदेच्या मुलांनी संपवली. कोकणातल्या माणसाला पोट बिघडलं की हात आधी कोकमाकडे जातो, म्हणून हे सांगून ठेवते.

पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवून दर पंधरा मिनिटांनी एकेक ग्लास प्यायची. पहिले ग्लास जातात, नंतर त्या खारट-लिंबट चवीने घशाशी यायला लागतं. पाणी फ्रिजमधलं गार असेल तर बरं पडतं आणि मध्ये लिंबाची फोड चाटली की पुढचा ग्लास उतरतो. मग संडासाजवळच मुक्काम. शेवटी जाणारं पाणी पिवळसर आणि स्वच्छ दिसलं की तयारी झाली असं समजायचं. सासूबाईंचा फोन आला: ‘गो, नुसत्या पाण्यावर कशी राहशील? थोडी पेज तरी खा.’ त्यांना समजावताना मला भूक जास्त जाणवली.

तपासणीच्या वेळी शिरेतून गुंगीचं औषध देतात. मला पूर्ण झोप लागली नव्हती, मध्येमध्ये पडदा दिसत होता. माझं आतडं मी बघितलं. ओलसर गुलाबी अस्तर, त्याच्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, अगदी पुस्तकातल्या चित्राइतकं स्पष्ट. डॉक्टर म्हणाले, ‘मॅडम, दिसायला आतडं निरोगी आहे. तरी छोटे तुकडे तपासायला पाठवतो, कारण एका प्रकारची सूज फक्त सूक्ष्मदर्शकातच कळते.’ तेही तुकडे नॉर्मल आले.

माझ्या चुलत दिरांची तपासणी मला माहीत आहे. त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार आहे. त्यांच्या पडद्यावर अस्तर लालभडक होतं, जखमा होत्या, रक्तवाहिन्यांचं जाळं सुजेखाली दिसेनासं झालेलं. त्यांचं कॅल्प्रोटेक्टिन मर्यादेच्या कितीतरी पट वर होतं. त्यांना सूज आटोक्यात ठेवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या सुरू आहेत आणि त्या चुकवून चालत नाही. माझा आणि त्यांचा आजार एक नाही. तरीही दोघांच्या आजारात मज्जातंतू आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं आहे, आणि तिथूनच डॉक्टरांनी मला समजावायला सुरुवात केली.

मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी कागदावर आतड्याचा आडवा छेद काढला. भिंतीत चेतापेशींची दोन जाळी. आतल्या बाजूला मायस्नरचं, स्नायूंच्या दोन थरांमध्ये आउअरबाखचं. दोघेही एकोणिसाव्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ. या दोन जाळ्यांत मिळून १० ते ५० कोटी चेतापेशी आहेत. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या, तरी आतून दाब आल्यावर आतडं मागे आवळत आणि पुढे सैल होत अन्न सरकवत राहिलं. म्हणजे आतड्याला स्वतःचं चालवायला मेंदूची परवानगी लागत नाही. पण मेंदूशी बोलणं मात्र सतत चालू असतं. व्हेगस नावाची मोठी नस दोघांना जोडते, आणि तिच्यातले बहुतेक तंतू, साधारण ८० टक्के, पोटाकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत.

याच भिंतीत शरीरातल्या प्रतिकारक पेशींचा फार मोठा हिस्सा ठाण मांडून असतो. असायलाच हवा, कारण अन्न आणि कोट्यवधी जिवाणू यांच्यापासून आपण एका पेशीच्या थराएवढ्या अंतरावर असतो. या पेशींना शत्रू कोण आणि जेवण कोण, हे सारखं ठरवावं लागतं. आणि त्या एकट्या ठरवत नाहीत. चेतातंतूंची टोकं त्यांच्या शेजारीच असतात. तंतू रसायनं सोडतात, पेशी ती ऐकतात. पेशी रसायनं सोडतात, ती तंतू ऐकतात. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये उंदरांत दाखवलं की वेदना जाणवणाऱ्या नसाच अस्तरातल्या गॉब्लेट पेशींना चिकट स्राव सोडायला सांगतात. या नसा नसलेल्या उंदरांत तो संरक्षक थर पातळ झाला आणि आतड्याची सूज जास्त बळावली. दुखणं नकोसं वाटतं, पण दुखण्याच्या नसा पहारा देतात. हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात ते मुलांना सांगितल्याशिवाय राहिले नाही.

मग माझं काय बिघडलं? डॉक्टरांनी सांगितलेलं निदान: संसर्गानंतरचा आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. यात तपासणीत सूज किंवा जखम सापडत नाही, पण पोट दुखतं आणि शौचाचं तंत्र बिघडतं. जंतुसंसर्गाने पोट बिघडलेल्या दर दहा जणांत साधारण एकाला असं होतं. बायकांना जास्त, संसर्ग जोराचा असेल तर जास्त, आणि त्या वेळी माणूस भीतीखाली, ताणाखाली असेल तर आणखी जास्त. मी ही यादी ऐकली आणि एकेका गोष्टीला मान डोलावत गेले. त्यांनी मला कॅनडातल्या वॉकरटन गावाची हकीकत सांगितली. जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये जोराच्या पावसाने शेतातलं शेण वाहून गावच्या विहिरीत उतरलं. सुमारे २,३०० माणसं आजारी पडली, सात जण दगावले. तिथल्या डॉक्टरांनी ही माणसं पुढे कित्येक वर्षं तपासत ठेवली, आणि ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते त्यांच्यात आयबीएसचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. आठ वर्षांनंतरही ते पूर्ण ओसरलं नव्हतं. पाऊस, विहीर, शेण, सगळं ओळखीचं. परदेशातल्या त्या अनोळखी गावाबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला.

जंतू निघून जातो, मग मागे काय उरतं? मास्ट पेशी नावाच्या प्रतिकारक पेशी उरतात, संख्येने जास्त आणि चेतातंतूंना खेटून. इटलीतल्या बोलोन्याच्या एका गटाने २००४ मध्ये दाखवलं की आयबीएसच्या रुग्णांत मास्ट पेशी नसांच्या जितक्या जवळ, तितकं पोट जास्त दुखतं. या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, हिस्टामिनने नसा हळव्या होतात, आणि एरवी कळलाही नसता असा वायूचा ताण कळ बनून मेंदूपर्यंत पोचतो. पेशी कुठे आणि कशा जागल्या आहेत हे नेहमीच्या बायॉप्सीच्या अहवालात लिहिलं जात नाही. अहवाल सूज शोधतो, व्रण शोधतो. माझ्या रिपोर्टवरचं नॉर्मल खरं होतं. दुखणंही खरं होतं.

खाण्याच्या बाबतीत बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये, योगायोगाने आमच्या पुराच्याच वर्षी, एक गोष्ट समोर आणली. उंदरांना आतड्याचा संसर्ग झालेला असताना अंड्यातलं एक प्रथिन खायला दिलं. संसर्ग संपला, पण पुढे तेच प्रथिन खाल्लं की उंदरांचं पोट दुखायचं. संसर्गाच्या गडबडीत प्रतिकारशक्तीने त्या अन्नाला शत्रूच्या यादीत टाकलं होतं, आणि तेही फक्त आतड्यापुरतं. रक्ताच्या नेहमीच्या अॅलर्जी तपासणीत ते सापडत नाही. मग त्यांनी आयबीएसच्या १२ रुग्णांच्या गुदाशयाच्या अस्तरात गहू, सोया, दूध, ग्लुटेन यांची सूक्ष्म टोचणी केली. प्रत्येकाला किमान एका पदार्थाची प्रतिक्रिया आली. निरोगी आठ जणांत ती फक्त दोघांना आली. पुरानंतर मदतीच्या गाड्यांतून आलेला पाव आणि बिस्किटं आम्ही बरेच दिवस खाल्ली. आज मला पाव सोसत नाही. माझ्या बाबतीत नेमकं हेच घडलं असा माझा दावा नाही, पण त्या उंदरांबद्दल वाचताना तो पाव मला आठवला.

आणि पत्र्यावरचा पाऊस? त्याचाही धागा मिळाला. विल्यम ब्यूमाँट या अमेरिकन लष्करी डॉक्टरकडे १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा तरुण आला होता. बंदुकीच्या जखमेने त्याच्या जठराला पडलेलं भोक कायमचं राहिलं. ब्यूमाँटने त्यातून वर्षानुवर्षं पचन बघितलं आणि १८३३ च्या पुस्तकात लिहिलं की राग आला, माणूस घाबरला, की जठराचं अस्तर बदलतं आणि पचन मंदावतं. दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांनी दिसलेलं हे सत्य पेशींच्या पातळीवर समजायला वेळ लागला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये उंदरांत दाखवलं की दीर्घ ताणात वाढलेलं संप्रेरक आतड्याच्या चेतासंस्थेतल्या ग्लिया या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर परिणाम करतं, मग ग्लिया प्रतिकारक पेशींना बोलावून घेतात, आणि आधीच सुजलेलं आतडं आणखी सुजतं. शिवाय आतड्यातल्या चेतापेशी अर्धवट वाढलेल्या अवस्थेत जातात आणि हालचाल बिघडते. चुलत दिरांचा आजार घरातल्या एका आजारपणाच्या काळात, गोळ्या नियमित असतानाही उसळला होता, तो का, हे मला यातून कळलं. ताणाने कोलायटिस होतो असं नाही. पण असलेला कोलायटिस ताणाने भडकू शकतो, आणि त्याला ‘मनाचं’ म्हणून उडवून लावणं चूक आहे.

उपचार तीन बाजूंनी सुरू झाला. पहिली बाजू गोळीची: अॅमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम, रात्री झोपताना. औषधाच्या दुकानात मुलाने चिठ्ठी बघून विचारलं, ‘झोपेसाठी का, मॅडम?’ ही मुळात नैराश्यावरची गोळी, पण तिथे डोस कितीतरी मोठा लागतो. एवढ्या लहान डोसमध्ये ती पोटाच्या नसांचा हळवेपणा कमी करते आणि आतड्याची घाई थोपवते. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर सहा महिने केलेली चाचणी २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, तीत साध्या दिखाऊ गोळीपेक्षा ही गोळी उजवी ठरली. सुरुवातीला माझं तोंड कोरडं पडायचं, सकाळी जडपणा वाटायचा. गोळी थोडी लवकर, जेवणानंतर लगेच घ्यायला लागल्यावर जडपणा गेला. परिणाम दिसायला काही आठवडे गेले. हृदयाचा, काचबिंदूचा त्रास असणाऱ्यांनी आणि दुसरी औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नये.

दुसरी बाजू खाण्याची. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आलेली पद्धत आहे: लवकर आंबणाऱ्या शर्करा असलेले पदार्थ काही आठवडे बंद आणि मग एकेक करून परत. आहारतज्ज्ञ बाईंनी ती आमच्या स्वयंपाकघराला लावून दिली. भात चालतो, मासे चालतात, नाचणी चालते. कांदा, लसूण, पाव, चपाती, डाळी, कुळीथ, काजू काही काळ बाहेर. कांदा-लसणीशिवाय माशाचं कालवण कसं करायचं, हा घरात मोठा प्रश्न झाला. सासूबाईंनी त्रिफळं, हळद, ओली मिरची आणि आमसूल घालून बांगडा केला, आणि तो सगळ्यांना इतका आवडला की आता तसाच होतो. पुढे एकेक पदार्थ परत आणताना कळलं की कुळथाची पिठी मला थोडी चालते, काजू मूठभर खाल्ले तर त्रास होतो, लसूण तेलात तळून काढून टाकली तर त्या तेलाने काही होत नाही. हे पथ्य जन्मभराचं नाही. सगळं कायमचं बंद करून बसलेली माणसं मी बघितली आहेत, त्यांचं वजन उतरतं आणि आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचंही पोषण थांबतं.

तिसरी बाजू मला सगळ्यात अवघड गेली. पाठीवर झोपायचं, एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. श्वास नाकाने घ्यायचा, छातीवरचा हात हलता कामा नये, पोटावरचा वर यायला हवा. सोडायचा तो घेण्याच्या वेळेपेक्षा लांब. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास बसतात. सुरुवातीला माझा छातीवरचाच हात हलत राहायचा. किती काळ आपण पोट आवळून जगत होतो हे तेव्हा जाणवलं. लांब उच्छ्वासाने व्हेगस नसेचं काम वाढतं, नाडी मंदावते, हे मोजता येतं. केव्हिन ट्रेसी या अमेरिकन संशोधकाच्या गटाने २००० मध्ये उंदरांत व्हेगसला विजेचे हलके झटके दिले, तर जंतूंच्या विषाने शरीरभर उसळणारा दाह कमी झाला. पुढे फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या डॉक्टरांनी क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजाराच्या मोजक्या रुग्णांवर व्हेगसला असे झटके देणारं उपकरण बसवून पाहिलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना फरक पडला. पण उपकरण वेगळं आणि श्वास वेगळा. श्वासाने आतड्याची सूज जाते असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. माझी कळ त्याने सौम्य होते, घाई थांबते. मला तेवढं हवं होतं.

हाच श्वास घेऊन पावसाला सामोरं जायचं काम समुपदेशक बाईंनी करून घेतलं. आधी पावसाचं ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात, मग मोठ्याने, मग खराखुरा पाऊस, खिडकी उघडी ठेवून. सोबत त्यांनी एक व्यवहारी काम दिलं: पूर आलाच तर काय करायचं ते लिहून काढा. आम्ही घराचे कागद, प्रमाणपत्रं, सासूबाईंची औषधं एका झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत भरून माळ्यावर ठेवली, प्यायच्या पाण्याचे कॅन आणि क्लोरिनच्या गोळ्या वरच्या बिऱ्हाडात. माझ्या उपचारात त्या पेटीचा वाटा गोळीइतकाच आहे, असं मी मानते. भीती निराधार नव्हती. वाशिष्ठी परत येऊ शकते. तेव्हा भीतीला काहीतरी हाताला लागणारं उत्तर द्यायला हवं होतं.

आता मी गुहागरला एसटीने जाते. पोट कधी कधी बिघडतं, विशेषतः जुलैत, आणि झोप मोडली तर हमखास. गोळी हळूहळू कमी करायचं डॉक्टरांनी सुचवलं आहे, पण पावसाळा उतरल्यावर, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

यंदा पचनसंस्थेचा धडा शिकवताना मी आतड्याचा तोच आडवा छेद फळ्यावर काढला, दोन्ही जाळ्यांसह आणि मास्ट पेशींसह. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, मग परीक्षेच्या दिवशी माझं पोट बिघडतं तेव्हा आत सूज येते का?’ मी तिला सांगितलं, नाही. थोड्या वेळच्या ताणात मेंदूतून निघालेल्या संप्रेरकाने जठर सावकाश रिकामं होतं आणि मोठं आतडं घाईला येतं, म्हणून एकीकडे जेवण नकोसं होतं आणि दुसरीकडे जावं लागतं. पेपर संपला की ते आपोआप ओसरतं. पण महिनोन्‌महिने तसंच चालू राहिलं, किंवा शौचातून रक्त गेलं, वजन उतरलं, तर घरी सांगायचं आणि डॉक्टरकडे जायचं. तिने ते वहीत लिहून घेतलं. मग शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, ‘आणि पाळीच्या वेळी?’ त्याचंही उत्तर दिलं: पाळीच्या वेळी गर्भाशयात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शेजारच्या आतड्याच्या स्नायूंनाही आवळायला लावतात. तास संपल्याची घंटा झाली तरी पुढच्या दोन बाकांवरच्या मुली उठल्या नव्हत्या, त्यांचेही प्रश्न होते.